वाळूच्या साच्यातला अ‍ॅम्प्लिफायर

नाशिकमधलं सर्वांत ओळखीचं ओतकाम पंचवटीत, गोदावरीच्या काठावर टांगलेलं आहे: नारोशंकराच्या देवळाची घंटा. देऊळ १७४७ सालचं, सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधवून घेतलेलं. घंटा त्याहून जुनी, पोर्तुगीज बनावटीची. तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून ती इकडं आली असं परंपरा सांगते. घंटेचं ओतकाम आवाजासाठीच असतं. टोला पडल्यावर धातू जितका वेळ घुमत राहील, तितका ओतणाऱ्याचा हात चांगला.

या लेखातलं ओतकाम याच्या बरोबर उलट्या कामाचं आहे. हौसेनं अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्याला अ‍ॅल्युमिनियमची अशी पेटी हवी असते, जी स्वतः अजिबात बोलणार नाही. तिनं ट्रान्सफॉर्मरचं वजन पेलावं, ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकावी, बाहेरचा विजेचा गोंधळ आत येऊ देऊ नये आणि वायर सुटून धातूला लागलीच तर माणसाला शॉक बसू देऊ नये. एवढी कामं ज्या वस्तूकडं आहेत ती सर्किटचाच भाग असते. हौशी माणसं मात्र तिचा विचार सर्वांत शेवटी करतात. महिनोन्महिने कपॅसिटर निवडण्यात जातात, आणि अखेरीस सगळं जे मिळेल त्या पत्र्याच्या डब्यात कोंबलं जातं. ही पेटी आपण स्वतः, वाळूच्या साच्यात ओतून घडवावी असं मला मनापासून वाटतं. नाशिकसारख्या गावात तर नक्कीच. का, ते सांगतो.

आधी पत्र्याचा प्रश्न. ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा किंचित ताणतो-आखडतो, आणि त्याची थरथर ज्यावर तो बसवला आहे त्या तळात उतरते. दीड मिलिमीटरचा पत्रा त्या थरथरीला साथ देतो. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळं त्याच धातूची पाच मिलिमीटर जाड भिंत दीड मिलिमीटरच्या पत्र्याहून सुमारे ३७ पट ताठ असते. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर हे अधिकच महत्त्वाचं, कारण व्हॉल्व्हच्या आतल्या बारीक जाळ्या हलल्या की ती हालचालच आवाज बनून स्पीकरमधून बाहेर येते. लोखंडी पत्रा जाड घेता येईल, पण लोखंड चुंबकीय असतं. ट्रान्सफॉर्मरमधून निसटलेलं चुंबकीय क्षेत्र ते ओढून घेतं आणि नको तिथं, म्हणजे इनपुटच्या नाजूक भागापर्यंत, पोचवू शकतं. अ‍ॅल्युमिनियम हे करत नाही. मात्र ते चुंबकीय क्षेत्र अडवतंही फारसं नाही. ५० हर्ट्झला अ‍ॅल्युमिनियममधली त्वचा-खोली, म्हणजे क्षेत्र आत शिरताना बरंच क्षीण व्हायला लागणारी जाडी, सुमारे १२ मिलिमीटर आहे, त्यामुळं पाच मिलिमीटरची भिंत ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीपुढं कमीच पडते. गुणगुण टाळायची तर ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून लांब ठेवायचा आणि तो फिरवून त्याची योग्य दिशा शोधायची. ओतीव पेटीकडून नको ती अपेक्षा ठेवू नये.

आता उष्णता. जॉन लिन्सली हूड यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात १९६९ मध्ये एक १० वॅटचा क्लास-ए अ‍ॅम्प्लिफायर प्रसिद्ध केला. चार ट्रान्झिस्टरांचं ते साधं, देखणं सर्किट आजही जगभरचे हौशी लोक बांधतात. क्लास-ए म्हणजे गाणं लागलेलं असो वा नसो, ट्रान्झिस्टरमधून पूर्ण प्रवाह वाहतच राहतो. २७ व्होल्ट आणि १.२ अ‍ॅम्पिअर धरले तर एका चॅनलमागं ३२ वॅट, स्टिरिओला ६५ वॅट, सतत. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पेटी आणखी २० अंश तापली तरी तिचा पृष्ठभाग ६० अंशांवर जातो. हे वीस अंशांचं गणित सांभाळायचं तर प्रत्येक चॅनलला ०.६ अंश प्रति वॅट इतका समर्थ हीटसिंक लागतो. तो बाजारातून आणून पेटीला बाहेरून स्क्रूनं जोडता येतो. पण पेटीच हीटसिंक असली, तिच्या भिंतीतूनच पंख फुटलेले असले, तर मधला एक सांधा आणि त्या सांध्यातला उष्णतेचा अडथळा दोन्ही जातात.

प्रामाणिकपणे सांगायचं तर शुद्ध उष्णतावहनात ओतीव धातू उजवा नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची वहनक्षमता २३७ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, बाजारातल्या हीटसिंकच्या सेक्शनची साधारण २००, ओतकामाच्या एलएम-६ मिश्रधातूची १४० च्या आसपास, आणि मोटारसायकलच्या भागांसाठी वापरतात त्या एडीसी-१२ ची तर शंभराच्याही खाली. ओतण्यासाठी धातूत सिलिकॉन लागतं आणि सिलिकॉन वाढलं की वहन घटतं. तरीही साध्या लोखंडाच्या ५० च्या तुलनेत हे आकडे चांगलेच आहेत, आणि पाच मिलिमीटरची जाड भिंत उरलेली कसर बऱ्यापैकी भरून काढते.

नाशिकला धातूकाम नवं नाही. १८८३ च्या गॅझेटियरमध्ये इथल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची सविस्तर नोंद आहे. जुन्या नाशकातली तांबट आळी अजून त्या धंद्याचं नाव सांगते. ठोकीव काम तांबटांचं, ओतीव काम ओताऱ्यांचं. आणि गोदावरीच्या खोऱ्यातलं ओतकाम याहून कितीतरी जुनं आहे. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला शेतकऱ्याला सापडलेली रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस ही चार भरीव ओतीव शिल्पं मिळून साठ किलोहून जास्त भरतात. त्या मानानं अ‍ॅल्युमिनियम कालचं. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर बसवलेलं तीन किलोंच्या आतलं अ‍ॅल्युमिनियमचं टोक हे त्या काळी नवलाचं ओतकाम होतं, कारण धातू चांदीच्या भावानं मिळायचा. दोनच वर्षांत हॉल आणि एरू यांची विद्युत-पद्धत आली आणि भाव कोसळला.

आज नाशकात अ‍ॅल्युमिनियम सगळीकडं आहे. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, सातपूर-अंबडला औद्योगिक वसाहती वाढल्या, मोटारींचे सुटे भाग बनवणारे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. या कारखानदारीच्या पायाशी भंगाराचा मोठा व्यापार आहे. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार नाशिककरांना चांगला ठाऊक. महापालिकेनं तो जानेवारी २०१७ मध्ये हटवला, तो पुन्हा भरला, आणि २०२५ मध्ये पुन्हा हटवला. बाजार हलला तरी भंगार मिळतंच. प्रश्न असतो तो कुठलं घ्यायचं याचा.

सर्वांत उत्तम, मोटारीचं अ‍ॅलॉय व्हील. ते ओतकामाच्याच धातूचं असतं, स्वच्छ असतं, आणि एका चाकात दोन पेट्यांचा माल निघतो. त्याखालोखाल मोटारसायकलची क्लच-कव्हरं आणि इंजिनाचे पिस्टन. खिडक्यांचे सेक्शन चमकदार दिसतात, पण तो धातू दाबून काढण्याचा, ओतण्याचा नव्हे. थंड होताना कोपऱ्यात तडकतो. शीतपेयांचे डबे तर घेऊच नयेत. पातळ पत्रा वितळण्याआधीच जळतो, वर रंगाचा धूर, आणि मुशीत धातूपेक्षा मळ जास्त. बंद नळ्या, शॉक-अ‍ॅब्सॉर्बरसारखे पोकळ भाग यांत पाणी किंवा तेल अडकलेलं असू शकतं, म्हणून ते कापल्याशिवाय मुशीजवळ नेऊ नयेत. आणि जो भाग हातात घेतल्यावर अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलका लागेल तो मॅग्नेशियमचा समजून बाजूला ठेवावा. मॅग्नेशियम पेटलं तर पाण्यानं विझत नाही, उलट भडकतं.

साच्याआधी पॅटर्न. सागवान किंवा शिवण लाकडाचा, किंवा एमडीएफवर लाखेचे हात देऊन केलेला. अ‍ॅल्युमिनियम गोठून थंड होताना मीटरमागं १३ मिलिमीटर आखडतं, म्हणून ३०० मिलिमीटरची पेटी हवी असेल तर पॅटर्न ३०४ चा करायचा. त्याच्या भिंती किंचित उतरत्या हव्यात, बाहेरून दोन अंश आणि आतून तीन, नाहीतर वाळूतून पॅटर्न उचलताना साचा फाटतो. आतले कोपरे पुटीनं भरून गोल करायचे, कारण काटकोनी कोपऱ्यात धातू गोठताना ताण साठतो. पेटी उघड्या तोंडाच्या ट्रेसारखी कल्पिली तर वेगळा कोअर लागत नाही. पॅटर्नच्या पोकळीत ठोकलेली वाळूच आतला भाग घडवते.

या सगळ्या मांडणीत मला सर्वांत आवडते ती पंखांची गोष्ट. पॅटर्न वाळूतून सरळ वर निघायला हवा, म्हणून बाजूच्या भिंतींवरचे पंख उभेच असावे लागतात; आडवा पंख वाळूत अडकेल. आणि अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर ठेवल्यावर गरम हवा वर चढते, तिलाही उभेच पंख हवे असतात. वाळूची अट आणि हवेची अट एकाच दिशेला जुळते. पंखांत ८ ते १० मिलिमीटरची मोकळी जागा ठेवायची, कारण त्याहून अरुंद फटीत हवा रेंगाळते. वाळूचीही तेवढ्याहून पातळ जीभ टिकत नाही. पंखाचं टोक चार मिलिमीटर, मुळाशी सहा. कारखान्यातल्या हीटसिंकपेक्षा हे जाडजूड दिसतं, पण त्याला एक भारदस्तपणा असतो.

वाळू. इथं थांबून वेळ द्यायला हवा, कारण भट्टी पेटवण्याआधीच ओतकाम चांगलं की वाईट हे वाळूत ठरून गेलेलं असतं. गोदावरीची वाळू दख्खनच्या काळ्या दगडाची, जाडीभरडी आणि मातीमिश्रित. तिच्यात साचा होतो, पण पेटीचं अंग ओबडधोबड येतं. फौंड्रीसाठीची सिलिका वाळू महाराष्ट्रात सिंधुदुर्गातून येते. कणकवली तालुक्यातलं कासार्डे त्यासाठी प्रसिद्ध आहे. अ‍ॅल्युमिनियमसाठी बारीक दाण्याची घ्यावी. शंभर किलो कोरड्या वाळूत सात-आठ किलो बेंटोनाइट, म्हणजे कच्छकडून येणारी चिकणमाती, आणि तीन ते चार लिटर पाणी. पाणी एकदम ओतायचं नाही. शिंपडत, मळत, चाळत, पुन्हा मळत. मातीचा लेप प्रत्येक दाण्यावर बसायला वेळ लागतो, म्हणून आदल्या संध्याकाळी मळून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवणं चांगलं.

वाळू तयार झाली की नाही हे हातच सांगतो. मूठभर घ्यायची, घट्ट दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे, अगदी बोटांच्या पेरांवरच्या रेघासुद्धा, गोळ्यावर स्पष्ट उमटायला हव्यात आणि तळहात जवळपास कोरडा राहायला हवा. मग तो गोळा दोन्ही हातांनी मधोमध मोडायचा. धारदार, स्वच्छ तुटला तर वाळू झाली. भुगा झाला तर पाणी कमी. वाकून, लोंबून तुटला तर जास्त. मोठ्या फौंड्रीत यासाठी यंत्रं असतात, तरी मोल्डर हाताची ही परीक्षा सोडत नाही.

साच्याच्या खालच्या पेटीत पाट, पाटावर पॅटर्न उपडा, त्यावर शंखजिऱ्याची पूड. पहिला थर बारीक चाळणीनं चाळून हातानं दाबायचा, विशेषतः पंखांच्या मधल्या फटींत, बोटाच्या टोकानं. मग वाळू भरत रॅमरनं ठोकायची: कडेनं आधी, मधे नंतर. फार कडक ठोकली तर वाफेला वाट मिळत नाही, ढिली राहिली तर धातूच्या वजनानं भिंत फुगते. उलटवायचं, पुन्हा पूड मारायची, वरची पेटी बसवायची, ठोकायची, सळईनं वाफेची भोकं पाडायची. शेवटी वरची पेटी उचलून बाजूला ठेवायची, पॅटर्नमध्ये स्क्रू घालून त्याला चारी बाजूंनी हलकेच टकटक करायचं आणि एका श्वासात सरळ वर उचलायचं. मोठ्या पॅटर्नला दोन माणसं लागतात, आणि दोघांचा हात एकाच वेळी उठावा लागतो.

धातू कुठून आत शिरेल यावर खूप अवलंबून आहे. बर्मिंगहॅमचे प्राध्यापक जॉन कॅम्पबेल यांनी आयुष्यभर अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामातल्या दोषांचा अभ्यास केला. त्यांचं सांगणं असं की वितळलेल्या धातूचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर गेला की त्याच्यावरची ऑक्साइडची साय मोडून आत दुमडते आणि गोठलेल्या धातूत अदृश्य चिरा बनून राहते. एवढा वेग यायला धातू फक्त १३ मिलिमीटर पडावा लागतो. म्हणजे उंचावरून धार सोडली की नुकसान झालंच. म्हणून मूस ओतण्याच्या भोकाला जवळजवळ टेकवायची, भोक पहिल्या क्षणापासून भरलेलं ठेवायचं, आणि धातू पेटीच्या खालच्या कडेनं तीन-चार रुंद वाटांनी आत घ्यायचा.

भट्टी लहान पुरते. रिकाम्या ड्रममध्ये अग्निरोधक सिमेंटचा थर, तळाशी ब्लोअरची नळी, इंधन लोणारी कोळसा किंवा गॅसचा बर्नर. अमेरिकेत डेव्ह गिंगरी यांनी १९८० च्या दशकात कोळशाच्या अशाच घरगुती भट्टीपासून सुरुवात करून, भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम करून लेथसकट सगळं वर्कशॉप कसं उभारता येतं हे छोट्या पुस्तकांतून दाखवलं, आणि पुढच्या पिढीच्या कितीतरी हौशी ओताऱ्यांनी तिथूनच सुरुवात केली. ग्रॅफाइटची मूस मात्र चांगली घ्यावी. मुशी बनवणारा मोठा कारखाना जवळच, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज वसाहतीत आहे. पंख, वाटा, रायझर (गोठताना आखडणाऱ्या धातूला भर पुरवणारा जादा साठा) धरून एका पेटीला तीन किलो धातू पुरे. तो वितळवून ७२० अंशांपर्यंत न्यायला हिशेबानं जेमतेम एक युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट उष्णता भट्टीच्या तोंडातून निघून जाते.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, सिलिकॉनवालं मिश्रण त्याआधीच. ७२० ते ७४० ला ओतावं, आणि ७६० च्या वर कधी नेऊ नये. कारण हायड्रोजन. द्रव अ‍ॅल्युमिनियम हवेतल्या बाष्पातून हायड्रोजन शोषतं, आणि गोठताना त्याला त्यातला विसावा भागसुद्धा धरून ठेवता येत नाही. उरलेला वायू बारीक बुडबुडे होऊन धातूतच अडकतो. पावसाळ्यात हा त्रास वाढतो. इगतपुरीकडून ढग यायला लागले की काम बंद ठेवावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची नाशिकची कोरडी थंडी या कामाला फार चांगली. कारखान्यांत वायू काढायला क्लोरीनयुक्त गोळ्या टाकत असत. त्यांचा धूर विषारी असतो, घरी त्यांचा विचारही करू नये. कोरडं, आधी तापवून घेतलेलं भंगार, झटपट वितळवणं आणि धातू न ढवळणं, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ फरक पडतो.

‘घरी’ या शब्दाला इथं मर्यादा आहे. सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये हे काम करूच नये. मळ्यात, मोकळ्या मातीवर, किंवा वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये करावं. सिमेंटच्या फरशीवर वितळलेला धातू सांडला तर फरशीतल्या ओलाव्याची वाफ होऊन ती फुटते आणि धातू उडतो, म्हणून खाली कोरड्या वाळूचा जाड थर हवा. पाण्याचा एक थेंब धातूच्या खाली अडकला तर स्फोट होतो. चामड्याचे बूट, बुटांवरून बाहेर आलेली सुती पँट, चामड्याचे हातमोजे, पूर्ण चेहऱ्याची ढाल, आणि सोबत दुसरं माणूस. दिवसाउजेडी सातशे अंशांचं अ‍ॅल्युमिनियम लाल दिसत नाही. ते चांदीसारखं शांत दिसतं आणि त्यामुळंच फसवतं.

साचा फोडून पेटी काढली की तिच्यावर वाळूचा नाजूक पोत असतो. तो घासून घालवू नये, असं माझं मत. कारखान्याच्या पेट्यांत तो मिळत नाही. अ‍ॅनोडायझिंगच्या नादी लागू नये, सिलिकॉनमुळं रंग करडा आणि डागाळलेला येतो. पातळ काळा रंग मात्र द्यावा. उघडं अ‍ॅल्युमिनियम उष्णता जेमतेम दहा टक्के ताकदीनं उत्सर्जित करतं, रंगवलेलं नव्वद टक्क्यांच्या आसपास. काळा रंग इथं दिखाव्यापेक्षा जास्त कामाचा असतो.

एक जागा मात्र आरशासारखी सपाट हवी: आत जिथं पॉवर ट्रान्झिस्टर बसतात ती. अंबडमध्ये जॉबवर मिलिंग करून देणारे पुष्कळ आहेत. कटरचा पहिला फेरा गेला की पेटीचं अंतरंग कळतं. टाचणीच्या टोकाएवढी भोकं विखुरलेली दिसली तर हायड्रोजन. एकाच ठिकाणी खडबडीत पोकळी दिसली तर तिथं गोठताना धातू अपुरा पडला, रायझर त्या जागी हवा होता. थोडी भोकं चालतात. ट्रान्झिस्टरच्या खालीच असली तर ती पेटी पुन्हा मुशीत जाते, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पॅटर्न शाबूत आहे.

२एन३०५५ सारख्या ट्रान्झिस्टरचं धातूचं अंग म्हणजेच त्याचा कलेक्टर, त्यावर पूर्ण व्होल्टेज असतं. म्हणून मधे अभ्रकाची चकती, दोन्ही बाजूंना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश. मिलिंगनंतर भोकांच्या कडेला उरलेली बारीक कुसळं अभ्रक फोडतात, त्यामुळं प्रत्येक भोक मोठ्या ड्रिलनं हातानं फिरवून साफ करावं. पेटीला अर्थिंगचा स्वतंत्र बोल्ट द्यावा, त्याखालची जागा रंग आणि ऑक्साइड खरवडून चकचकीत करावी, दातेरी वॉशर घालावा. अ‍ॅल्युमिनियमवरची ऑक्साइडची साय वीज अडवते आणि ती हवा लागताच पुन्हा धरते, म्हणून खरवडल्यावर लगेच आवळावं. मग मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या अर्थच्या पिनला आणि दुसरं पेटीच्या लांबच्या कोपऱ्यातल्या उघड्या स्क्रूला लावून बघावं: शून्याच्या आसपास ओहम दिसायला हवेत. ट्रान्झिस्टरच्या अंगापासून पेटीपर्यंत मात्र काहीच जुळता कामा नये. दोन्ही तपासण्या पास झाल्याशिवाय प्लग भिंतीत घालू नये.